शंभर पावलांना एक रेघ

"लुंबिनीच्या क्लासजवळची खोली मी शोधतो. एका दिवसात!" आनंदराज घरात म्हणाले, आणि त्यांच्या बायकोच्या, कोंडाबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"तुम्ही? दुकानदारानं सुटे कमी दिले तर मागायला तुमची जीभ उचलत न्हाई!"

खरंच होतं ते. इस्लापूरच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल, बोलणं काय ते पुस्तकांशी. पण नात लुंबिनी लातूरच्या क्लासला जाऊन डॉक्टर व्हायची होती. खोलीला महिना चार हजार, वर एक रुपयाही नाही. आणि खोली लांब मिळाली, तर पोरीचा अभ्यास रिक्षाची वाट बघण्यातच जायचा.

लातुरात आजोबा-नातीला चार हजारांची एकच खोली सापडली, शिवलिंगअप्पांची. फाटकावर पाटी : 'क्लासपासून चालत पाच मिनिटं.'

"घेऊन टाकू, आजोबा," लुंबिनी म्हणाली.

पण छापलेलं सगळंच खरं नसतं, हे ग्रंथपालाइतकं कुणाला ठाऊक? "आधी मोजतो," ते म्हणाले. पावलं विसरायला होतात म्हणून त्यांनी खडू घेतला. पांढरा संपला होता, लाल मिळाला. दर शंभर पावलांना भिंतीवर एक रेघ, वहीत एक नोंद. रस्त्याच्या कडेला ओटे, जिने, झेरॉक्सचं मशीन, जनरेटर आणि एके ठिकाणी रवंथ करणारी म्हैस. तिला वळसा घालायलाच सव्वीस पावलं लागली!

तिसऱ्या रेघेला चहावाल्यानं हटकलं. "साहेब, काय मोजून राहिलात? रस्ता रुंद होणार का?"

आनंदराजांनी आधी वहीत रेघ नोंदवली. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "व्हायला तर पाहिजे."

"कधी?"

"लवकर झाला तर बरं. पोरी चालतात इथून."

संपलं! ते क्लासपर्यंत पोचायच्या आत महापालिकेचा साहेब लाल रेघा मारत आल्याची बातमी पोचली. ज्याच्या त्याच्या दारात हातोडे वाजू लागले. ओटे फुटले, जनरेटर मागच्या बोळात गेला, म्हशीला तर दोघांनी ढकलत नेलं. एकानं शहाळं हातात कोंबलं.

"अहो, मी तो माणूस नव्हे!"

"ठाऊक हाय, साहेब. मोठी माणसं असंच म्हणतात!"

"आजोबा, आता गप चला," लुंबिनी पुटपुटली.

जाताना त्यांना अठरा मिनिटं लागली होती. संध्याकाळी मोकळ्या रस्त्यानं परतताना घड्याळ बघितलं, तर बरोबर पाच! आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हातून काही तडीस गेलं, असं आनंदराजांना वाटलं. अप्पांच्या फाटकात ते छाती काढून उभे राहिले.

"अप्पा, खोली पक्की. हे घ्या चार हजार."

"चार? ते सकाळी होते, सर." अप्पांनी रस्त्याकडे हात केला. "बघा की, दारातून क्लास दिसून राहिलाय! आता सहा. तेही तुम्ही भले दिसता म्हणून."

"पण एवढ्यात..."

"कुणी देवमाणूस येऊन गेला म्हणतात. लई उपकार झाले गल्लीवर. तुम्हाला दिसला का?"

आनंदराजांनी लाल झालेली बोटं पाठीमागं घेतली. "न्हाई बा."

लुंबिनीनं पिशवी उचलली.

"चला, आजोबा. पलीकडच्या गल्लीत अजून पाय ठेवायला जागा न्हाई. तिथं परवडेल."