जुन्या पार्टांची पेटी

"चाळीस म्हणजे चाळीस! एक पैसा कमी होणार नाही!" लेबलकाका स्कूटरच्या आरशात बघून कडाडले.

"कुणाला सांगताय? अजून कुणी आलेलं नाही," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"सराव करतोय."

"मग जरा हळू करा. वरच्यांना वाटेल आपलं जुंपलंय."

काकांचं खरं नाव इमारतीत आता कुणाला आठवत नसे. तीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडकांच्या आणि सरड्यांच्या बरण्यांवर लेबलं चिकटवली. निवृत्त झाल्यावर बरण्या सुटल्या, सवय काही सुटली नाही. घरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' होतं, साखरेच्या डब्यावर 'साखर (मुंग्यांपासून जपावे)' होतं, आणि काकूंच्या चष्म्याच्या घरावर 'चष्मा, जवळचा' असंही होतं. स्कूटरवर लेबल नव्हतं एवढंच, बाकी तिची बडदास्त एखाद्या जावयासारखी चालायची. चौदा वर्षं रोज सकाळी मऊ फडक्याने पुसणं, वेग कधी विसाच्या वर नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उस्तादच्या गॅरेजात हजेरी.

अशा स्कूटरला काल काकूंच्या भावाने पंधरा हजार लावले होते. हा भाऊ नव्या गाड्यांच्या दुकानात कामाला. जेवता जेवता हसत म्हणाला, "भाऊजी, नवी घेताना ही मी पंधराला वळती करून घेतो. तेही ताईकडे बघून."

पंधरा! काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ताईकडे बघून? स्कूटरकडे बघायला काय झालं होतं? स्कूटरला पंधरा म्हणजे तिच्यावर घालवलेल्या चौदा वर्षांना काय, शून्य? रागाच्या भरात ते बोलून बसले, "उद्या संध्याकाळपर्यंत चाळीसला विकून दाखवतो. नाही विकली, तर गपचूप तुझ्या पंधराला देतो." मेहुण्याने तिथल्या तिथे टेम्पोवाल्याला फोन लावून सहाची वेळ ठरवली. त्या फोनचा काकांना सगळ्यात जास्त संताप आला होता.

चारच्या सुमाराला स्कूटर बघायला एक नर्सबाई आल्या. सरकारी दवाखान्यात नोकरी, पाळ्या वेळीअवेळी, म्हणून स्वतःची गाडी हवी होती. त्यांनी स्कूटरभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान ठेवलीय हो काका."

काकांना बाई एकदम पसंत पडल्या. "चाळीस," ते शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाले.

"पस्तीसपर्यंत माझी तयारी आहे. पण मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून जाणकार माणूस घेऊन आलेय. ते बघतील, मग बोलू."

फाटकातून जाणकार माणूस आत आला आणि जागच्या जागी थिजला. तो उस्ताद होता.

काकांनी तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. हा आपला मेकॅनिक आहे असं सांगितलं, तर बाई विचारणार, मेकॅनिकशी एवढी ओळख कशी? मग दर महिन्याची हजेरी बाहेर येणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. शेवटी माणूस आपला आहे, आपल्याच बाजूने बोलेल. काकांनी हळूच डोळा मारला.

"डोळ्यात काही गेलं का?" नर्सबाईंनी काळजीने विचारलं.

"धूळ, धूळ."

"नमस्कार साहेब," उस्ताद जन्मात पहिल्यांदा भेटल्यासारखा म्हणाला आणि खाली बसून कामाला लागला. किक मारली, कान लावला, चाक फिरवलं, मान हलवली. मग पुन्हा मान हलवली. ही दुसरी मान काकांना आवडली नाही.

"कार्बोरेटर गेलाय बाई. पाच हजार कमी करा."

"काय?" काका म्हणाले.

"क्लच प्लेट घासलीय. अजून चार."

"काय!"

"आणि हे पुढचे शॉकअप बसलेत. सहा हजार धरा. वीसला मिळाली तर घ्या, नाहीतर सोडून द्या."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसायचं वगैरे सगळं ते विसरले.

"अरे उस्ताद! लाज वाटत नाही? कार्बोरेटर तूच नाही का बदललास गेल्या वर्षी? क्लच प्लेट तर दोनदा बदललीस! आणि शॉकअप? ह्याच मार्चात 'साहेब, आता दहा वर्षं बघायला नको' म्हणाला होतास!"

नर्सबाई एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागल्या. "तुमची ओळख आहे?"

"ओळख?" काका म्हणाले. "चौदा वर्षं ह्याच्या बाकड्यावर बसून माझ्या विजारी झिजल्या!"

उस्तादने नुसताच हात फडक्याला पुसला. "साहेबांची आठवण जरा गोंधळतेय. वय झालं की होतं."

बास. हे शब्द ऐकून काकू खिडकीतून आत वळल्या, कारण पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. काका तरातरा घरात गेले आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढत ओढत अंगणात घेऊन आले. उस्तादचा चेहरा पडला. पेटी त्याने पाहिली नव्हती, पण आत काय असणार हे त्याने ओळखलं.

काकांचा एक नियम होता. पार्ट बदलला की जुना पार्ट परत घ्यायचा. तो हातात पडल्याशिवाय ते बाकड्यावरून उठत नसत. घरी आणून रॉकेलने धुवायचा, वाळवायचा आणि लेबल लावून पेटीत ठेवायचा.

"हा बघा बाई," काकांनी एक धूड बाहेर काढलं. "वाचा. 'कार्बोरेटर, काढलेला. कारण : खोकला.' ही क्लच प्लेट. 'कारण : कुरकुर.' ही दुसरी क्लच प्लेट. 'कारण : तीच कुरकुर.' आता सांगा, कुणाची आठवण गोंधळतेय?"

नर्सबाई थक्क झाल्या. "म्हणजे आतलं सगळं नवं आहे? उस्ताद, मग तुम्ही हे काय सांगत होतात?"

उस्ताद उगाच पुन्हा हात पुसायला लागला. काकांना वाटलं, जिंकलो. पाच अधिक चार, नऊ परत चढले. आता शॉकअपचे सहा. त्यांनी पेटीच्या तळातून तो लांबलचक शॉकअप उपसला आणि विजयी मुद्रेने बाईंच्या हातात दिला.

बाईंना गाडीतलं कळत नव्हतं, पण मोडलेल्या पायाला पट्टी किती लांबीची लागते ते रोजचं काम होतं. त्यांनी शॉकअप स्कूटरच्या पुढच्या चाकाशी धरला. तो चांगला वीतभर जास्त लांब निघाला.

"काका, हा ह्या गाडीचा नाही."

"असं कसं? लेबल आहे त्यावर!"

"लेबल आहे हो. पण हा हिला लावला असता तर हँडल तुमच्या कपाळाला लागलं असतं."

काकूंनी बाहेर येऊन कार्बोरेटर उचलला आणि चष्मा, जवळचा, लावून बघितला. "अहो, ह्यावर तर 'पाण्याचा पंप' असं कोरलंय."

काकांनी क्लच प्लेट हातात घेतली. ती रिक्षाची होती, हे आता त्यांनाही दिसत होतं. एवढी मोठी प्लेट स्कूटरच्या पोटात मावलीच नसती. तीस वर्षांत बेडकाच्या बरणीवर सरड्याचं लेबल एकदाही गेलं नव्हतं, आणि इथे घरच्या पेटीत एकही लेबल बरोबर नव्हतं. ते पेटीच्या कडेवर मटकन बसले.

"तू मला फसवलंस," ते म्हणाले. आवाजात आता राग कमी आणि दुःख जास्त होतं.

आता मात्र उस्तादला राग आला.

"मी फसवलं? साहेब, पहिल्या वर्षी मी तुम्हाला पाच वेळा सांगितलं, गाडीला काही झालेलं नाही, घरी जा. ऐकलंत? 'नीट बघ, मागून आवाज येतोय' म्हणून तीन तीन तास बसायचात. दुसरं गिऱ्हाईक आलं की त्यालाही तो आवाज ऐकायला लावायचात! शेवटी मी गाडी आत न्यायचो, तेलपाणी करायचो, धुवायचो आणि 'बदलला' म्हणायचो. तुमचा आवाज लगेच बंद व्हायचा. पण जुना पार्ट हवा म्हणून तुम्ही हटून बसायचात. खराबच काही झालं नव्हतं, तर तुमचा जुना पार्ट आणू कुठून? भंगारातला हाताला लागेल तो द्यायचो."

"आणि आज मला जे दोष सांगितलेत ते?" नर्सबाई कडाडल्या.

"तुम्ही दोष काढायलाच आणलंत ना मला? साहेबही दोष काढायलाच यायचे. गाडी कशी आहे, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."



"मग आता मी विचारते," नर्सबाई म्हणाल्या. "कशी आहे?"

उस्तादने स्कूटरकडे बघितलं. "तेल, टायर सोडले तर कारखान्यातून निघाली तश्शी आहे. चौदा वर्षांत एक नट बदललेला नाही. अशी गाडी माझ्या हाताखालून दुसरी गेली नाही."

"मग मी चौदा वर्षं केलं तरी काय?" काकांनी विचारलं.

"पुसलीत," उस्ताद म्हणाला. "रोज पुसलीत आणि कधी पळवली नाहीत. म्हणून तर काही झालं नाही तिला."

काकांनी मान खाली घातली. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं. ते घेऊन त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग, आलंच आहे हातात म्हणून, हेडलाइट पुसला.

नर्सबाईंनी पस्तीसचं नावही न काढता चाळीस हजार मोजून काकूंच्या हातात ठेवले. मेहुण्याचा टेम्पो सहाला आला आणि रिकामाच परत गेला. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं यावरून त्याने रात्रीच्या आत तीन फोन केले, आणि काकांनी तिन्ही वेळा स्वतः उचलून "चाळीस!" एवढंच सांगितलं.

फक्त एक गोष्ट घडली होती, ती काकूंनी कुणाला सांगितली नाही. बाई स्कूटर घेऊन फाटकाबाहेर पडत होत्या तेव्हा काका न राहवून ओरडले होते, "मागून जरा आवाज येतोय का बघा हं!" काकूंनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं होतं.

नवी स्कूटर आली. उस्तादच्या गॅरेजाची पायरी पुन्हा चढणार नाही, असं काकांनी जाहीर केलं होतं, त्यामुळे पहिल्या रविवारी ते बाजारपेठेतल्या मोठ्या गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने दोन मिनिटांत गाडी तपासली आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. जा घरी."

"काही झालेलं नाही? नीट न बघता? दोन मिनिटांत?" काका संतापाने लाल झाले. "ह्याला काय मेकॅनिक म्हणायचं!" आणि तिथून त्यांनी गाडी सरळ उस्तादकडे वळवली, अर्थातच विसाच्या वेगाने.

उस्तादच्या दारात काकांची जुनी स्कूटर उभी होती. बाकड्यावर, काकांच्या नेहमीच्या जागी, नर्सबाई बसल्या होत्या. मांडीवर औषधाचं रिकामं खोकं होतं.

"तुम्ही?" काका म्हणाले.

"तुमच्यामुळेच," बाई फणकारल्या. "तुम्ही म्हणालात आणि तेव्हापासून कान तिथंच लागलाय. येतो हो आवाज, मागून येतो! आणि हे म्हणतात काही नाही. मी सांगितलंय, बदलल्याशिवाय उठणार नाही, आणि जुना पार्ट बघून घेणार. ह्याच गाडीचा!"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "सोडू नका."

उस्तादने दोघांकडे बघितलं, एक मोठा श्वास सोडला आणि तो भंगाराच्या ढिगाकडे निघाला. बाई बाकड्यावर थोड्या सरकल्या आणि काका शेजारी बसले.