मतांना मार्क देणारे मनोहरकाका

इराचा लेख मी न वाचताच महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मुलीचं नाव, तिचा हसरा फोटो आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या वर्तमानपत्राचं मतांचं पान, एवढं बापाला पुरतं. ‘प्राउड फादर’ असं लिहून मी मोकळा झालो. भराभर अंगठे येऊ लागले. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधली निम्मी मराठी माणसं त्या ग्रुपवर आहेत. त्यांतल्या कुणीच लेख उघडला नव्हता याची मला खात्री आहे. उघडला असता तर अंगठे आले नसते.

उघडला तो फक्त मनोहरकाकांनी. त्यांचा फोन आला.

“सुधीर, लेख वाचला का तू?”

“हो. म्हणजे चाळला.”

“मग आता वाच. बसून वाच.”

मी बसून वाचला आणि मग उठवेना. विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांना ईमेल पाठवला होता की दिवस नाजूक आहेत, लिहिण्याबोलण्यावरून व्हिसे रद्द होतायत, तेव्हा काय बोलता, काय लिहिता ते जरा जपून. आमच्या कन्येनं त्यावर लिहिलं होतं की हा सल्ला नव्हे, हा भित्रेपणा आहे. ज्यांचं काम बोलायला शिकवण्याचं, तेच गप्प बसायला शिकवतायत. वर फोटो, खाली पूर्ण नाव. आणि ही मुलगी कोण, तर आमचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं असताना एकवीस पूर्ण झाल्यामुळे आमच्या व्हिसातून बाहेर पडून स्टुडंट व्हिसावर गेलेली. बोलायला लागली ती इथेच. पण व्हिसाला ते ठाऊक नाही.

घामेजल्या बोटानं मी ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. थोड्या वेळानं एका मित्राचा फोन आला, “यार, ते काढ ना तिथून.” तेव्हा कळलं, मी ‘डिलीट फॉर मी’ दाबलं होतं. म्हणजे आता तो मेसेज साऱ्या मॉरिसव्हिलला दिसत होता, फक्त मला दिसत नव्हता. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि मी चक्क सोफ्यामागे वाकलो. सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दार उघडून तांदळाची पिशवी आत घेतली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता मनोहरकाकांबद्दल सांगायला हवं. काका मूळचे नागपूरचे. तिथल्या एका दैनिकात मतांचं पान सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यावर मुलानं त्यांना इथे आणलं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि आमच्या गावात गाडीवाचून माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. काका चालत लायब्ररीत जायचे. तिथे त्यांना गावच्या हायस्कूलचं वर्तमानपत्र फुकट मिळालं. त्यांनी मतांचं पान काढलं, खिशातून हिरवं पेन काढलं आणि प्रत्येक लेखाला दहापैकी मार्क दिले. लाल पेन चुकांना, हिरवं मतांना, असा त्यांचा शिरस्ता. मग तो अंक परत द्यायला ते थेट शाळेत गेले. अमेरिकेतल्या शाळेत अनोळखी म्हातारा कागदांची गुंडाळी घेऊन शिरला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गार्डनं त्यांना बाकावर बसवलं. सुटका केली ती मुलांच्या वर्तमानपत्राचं काम पाहणाऱ्या बाईंनी. त्यांनी हिरवे शेरे वाचले आणि दर अंक काकांकडे पाठवायला सुरुवात केली.

कॅन्टीनचा पिझ्झा भिकार आहे, असं एका मुलानं लिहिलं होतं. काकांनी तीन मार्क दिले. शेरा: ‘ही तक्रार झाली. मत म्हणजे आता काय करायचं ते.’ होमवर्क बंद करा, असा लेख आला. शेरा: ‘होमवर्क देणाऱ्या बाईंना विचारलं?’ ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याची बाजू आधी त्याच्याहून चांगली मांडायची, हा त्यांचा हट्ट. “समोरच्याला खुर्ची द्या बाप्पा,” ते म्हणत, “उभ्या माणसाला पाडण्यात काय आलं?”

हा रोग शाळेपुरता राहिला नाही. आमच्याकडे जेवायला आले की आमची वाक्यंही तपासली जात. सुनीता म्हणाली, “फार उकडतंय.” काका म्हणाले, “हे निरीक्षण.” ती म्हणाली, “काकांना पुन्हा जेवायला बोलवायचं की नाही, विचार करावा लागेल.” काका खूश झाले. “हे मत. आता कारण दे.”

इराला शाळेत असताना पहिल्या लेखाला दोन मार्क मिळाले होते. ती तणतणत त्यांच्या घरी गेली. दोघं इतकी भांडली की संध्याकाळी घरी आलेला काकांचा मुलगा गॅरेजमध्येच थांबला. त्यानं मला फोन केला, “तुझी मुलगी आमच्याकडे ओरडतेय आणि बाबा हसतायत. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.” काकू काकांच्या प्रत्येक अग्रलेखाशी पोळ्या लाटता लाटता भांडायच्या म्हणे. तेव्हापासून इरा प्रत्येक लेख छापण्याआधी काकांना पाठवायची. हा तेवढा पाठवला नव्हता.

मी काकांकडे गेलो. माझा बेत साधा होता. त्यांनी लेखाला शून्य द्यायचं, म्हणजे इरा शरमेनं तो साइटवरून काढायला लावेल.

“म्हणजे मी खोटे मार्क देऊ?” काका म्हणाले.

“काका, मला झोप नाही. बेल वाजली की सोफ्यामागे लपतोय.”

“मला तरी कुठे आहे,” ते म्हणाले आणि लायब्ररीत जाऊन लेखाचं प्रिंट काढायला म्हणून चपला शोधू लागले.

रविवारी इरा विद्यापीठातून घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काका लेखाचं प्रिंट घेऊन बसले. मी चहा गाळत होतो, अर्धा ओट्यावर.

“‘भित्रेपणा’ हा शब्द कशावरून?” काकांनी सुरुवात केली. “ईमेल लिहिणाऱ्या माणसाला भेटली का तू?”

“आजोबा, इट्स ॲन इन्स्टिट्यूशन. माणूस नाहीये तो.”

“टाइप तर माणसानंच केलं असेल न. त्याला वाटलं असेल, ही पोरं अडचणीत येऊ नयेत. तुझा बाप बघ, सोफ्यामागे लपून राहिला. तो काय तुझा शत्रू आहे?”

इरानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

“फाइन,” ती म्हणाली. “तो शब्द बदलते. त्या माणसाची बाजू पण घालते. पण पॉइंट बरोबर आहे की नाही?”

काकांनी हिरवं पेन उघडलं. आठ लिहिले. त्यांनी आठ कुणाला दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. माझा बेत आठ मार्कांनी नापास झाला.

“काका,” मी न राहवून म्हणालो, “पण मग काढायचा ना?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग इराला म्हणाले, “काढ तू तो.”

“व्हॉट? आत्ता एट दिलेत.”

“ते लेखाला दिले. तू मात्र काढ.”

“कारण द्या, आजोबा.”

“कारण नाही,” काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. “समोरच्याची बाजू मला ठाऊक आहे, माझी मांडता येत नाही. तुला कुठे पाठवून दिलं तर मी कोणाशी भांडू? हे काही मत नाही. याला मार्कही नाहीत. पण काढ.”

इरा उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिचे डोळे भरले होते, पण मान ती नाहीच म्हणून हलवत होती.

“नाही काढणार, आजोबा,” ती म्हणाली. “सॉरी. मला पण भीती वाटते. म्हणूनच तुम्हाला आधी पाठवला नाही. तुम्ही थांब म्हटलं असतं तर थांबले असते.”

काकांनी मान डोलावली. मग विद्यापीठातल्या वकिलांच्या मदतकक्षाचा नंबर तिच्याकडे आहे का, लायब्ररीतून ती एकटी येते का, पासपोर्ट कुठे ठेवते, असं एकेक विचारत राहिले. जाताना म्हणाले, “रोज फोन करत जा. लेखाबद्दल नको बोलू. जेवलीस का तेवढं सांग.”

त्यांना सोडून आलो तेव्हा इरा वर झोपली होती आणि सुनीता ओट्यावरचा चहा पुसत होती. दिवसभरात ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती.

“मी वाचला होता तो,” ती म्हणाली. “छापून यायच्या आधी. मला पाठवला होता तिनं.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“थांबवणार होते,” सुनीता म्हणाली. “पण मग पुढचा लेख तिनं मला दाखवला नसता.”