बोल्टाने बाटलेली गाडी

शुद्धता ही मुख्यतः दुसऱ्याने पाळायची गोष्ट असल्यामुळे तिच्या रक्षणासाठी मंडळ लागते. आमचे ‘जुनी मोटार मूळरूप रक्षक मंडळ’ हे काम विनामोबदला करते. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, हा आमचा एकमेव नियम. (ती चालली पाहिजे, असा नियम नाही. भलत्या अपेक्षा नकोत.)

आमचे सभासद असलेल्या काकांची दोन माणसांची स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे मंडळाचे भूषण. इंजिन टेम्पोचे, सीट दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली, रंग फाटकाला लावून उरलेला; पण चाके तारेची! चकचकीत स्पोक आणि मधोमध एकच मोठा नट, हातोड्याने ठोकून बसवायचा. आमची तपासणी समिती गाडी रस्त्यापलीकडून बघते. तिथून फक्त चाके दिसतात. गाडी शुद्ध ठरली.

मग एकदा काका काकूंना घेऊन निघाले असता उतारावर मागचे चाक सुटले, गाडीला ओव्हरटेक करून पुढे गेले आणि न्हाव्याच्या दुकानात शिरले. (‘बसा, नंबर येईल,’ असे न्हावी म्हणाल्याचे ऐकिवात आहे. मंडळाकडे नोंद नाही.)

मिस्त्रीने चाक उलटेपालटे केले. ‘काका, आतले दाते झिजलेत. नट कितीही ठोका, चाक टिकायचं नाही. चाक बसतं तो हब बदलून बोल्टाची चाकं घाला. ह्याच गाडीला कारखाना तीपण लावायचा.’

‘अरे, पण लोक काय म्हणतील?’

‘लोक हळहळतील,’ काकू म्हणाल्या, ‘आणि घरी जाऊन जेवतील. लग्न झाल्यापासून तुमच्या ह्या सवतीच्या तारा पुसतेय मी. आता बोल्ट घाला, नाहीतर मी हिच्यात पाय ठेवायची नाही. फिरा एकटे, पुढे चाक, मागे तुम्ही.’

काकांनी बोल्ट घातले. मंडळाने त्याच संध्याकाळी ठराव केला: गाडी बाटली. ठराव एकमताने. (काकांचे मत धरले नाही. बाटलेल्याला मत कसले?) शिवाय कोणीही आपली गाडी तिच्या शेजारी उभी करू नये, असे ठरले. बोल्ट संसर्गजन्य नसतात असे मिस्त्री म्हणतो. पण तो सभासद नाही.

वार्षिक फेरी निघाली. सगळ्या गाड्या शुद्ध. निम्म्या ट्रकवर, निम्म्या दोरीने. फक्त अध्यक्षांची स्वतःच्या चाकांवर, तीही उतारापर्यंतच. तिथे चाक सुटले आणि वाट ठाऊक असल्यासारखे थेट न्हाव्याकडे गेले. अध्यक्ष भर उन्हात उभे. सभागृहात त्यांचे ‘शुद्धतेचे महत्त्व’ या विषयावर भाषण.

तेवढ्यात काकू आल्या. एकट्या, स्वतः गाडी चालवत.

‘बसा की भावोजी. पण जपून हं, बाटाल.’

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिले आणि बसले. सभागृह आले तसे रस्त्यापलीकडेच उतरले. भाषण हृदयस्पर्शी झाले. काकांना प्रवेश नव्हता.

वाचकहो, एवढे हसू नका. नवा शेजारी आला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न कोणता होता? ‘मूळचे कुठले तुम्ही?’ उत्तर ऐकून त्याच्याशी अजून दारातूनच बोलता. आणि गाडी बंद पडली की धक्का मारायला हाक त्यालाच.