मन्मथअप्पांची हरकत

आमच्या घरून गेलेली कारळाची चटणी मन्मथअप्पांनी परत पाठवली. चटणीला नावं ठेवायची नव्हती त्यांना. डब्यावर लेबल नव्हतं. बायकोनं वैतागून चिठ्ठी चिकटवली: कोणी केली, कधी केली, किती दिवस टिकेल. मग त्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली.

अप्पांची सगळी नोकरी बियाण्यांच्या तपासणीत गेली. निलंग्यापासून लोह्यापर्यंत सोयाबीनच्या बॅगा त्यांनी उलथ्यापालथ्या करून पाहिल्या. "लेबल न्हाई तर ते बी न्हाई सर, निस्तं धान्य हाय," हे ते मला दिवसातून दोनदा ऐकवतात. मी लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो, हे माझे दोन अपराध.

त्यांचा मुलगा शिवा जर्मनीत असतो. जगभरची माणसं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटतात. अशा प्रत्येक पॅकेजसोबत एक छोटी फाईल जाते. नाव काय, आवृत्ती कितवी, बनवलं कोणी, चालायला आणखी काय लागतं. त्या फाईलीत नेमकं काय असावं, याचे नियम सुधारायचं काम शिवाकडं आलं. मसुदा इंटरनेटवर उघडा होता. हरकत कोणीही घ्यावी, आणि ती मिटल्याशिवाय मसुदा पक्का होणार नाही, असा दंडक. हे शिवानं फोनवर वडिलांना सांगितलं, आणि तिथंच तो फसला.

"म्हंजे हे लेबलच की," म्हणत अप्पा माझ्याकडं येऊन बसले. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाकायचो. पहिली हरकत: मुदत कुठं लिहिलीय? शिवाचं उत्तर आलं, सॉफ्टवेअर कुजत नाही. अप्पा म्हणाले, "लिहा सर, मंग ते दर महिन्याला अपडेट कशाला मागतंय?" ब्राझीलच्या एका बाईंनी त्यांची बाजू उचलून धरली. 'शेवटची तपासणी' हा रकाना मंजूर झाला, आणि अप्पा आठवडाभर कॉलर ताठ करून फिरले.

शेवटी एकच हरकत उरली. बनवणाऱ्याचं नाव आहे, पण आता सांभाळतं कोण? तो रकाना सक्तीचा करा. महिनाभर बापलेक भांडले. शिवा लांबलचक लिहायचा, उदाहरणं द्यायचा. अप्पा त्याचं प्रत्येक उत्तर माझ्याकडून दोनदा मराठीत करून घ्यायचे आणि नवा मुद्दा काढायचे. जगभरची माणसं लातूरच्या एका पेन्शनरसाठी खोळंबली होती. मला भारी मजा वाटत होती.

परवा शिवानं लिहिलं, "अप्पा, काही पॅकेजेसना खरंच कोणी सांभाळणारं नसतं. सक्ती केली तर लोक खोटं नाव टाकतील. रकाना रिकामा ठेवायची सोय हवी."

अप्पांनी हे उत्तर एकदाच मराठीत करून घेतलं. खोटं लेबल त्यांनी जन्मात खपवून घेतलेलं नाही.

"खरं बोलतंय पोरगं," ते म्हणाले. "लिहा, हरकत न्हाई."

मी लिहिलं. थोड्याच वेळात मसुदा पक्का झाल्याची सूचना आली. मी अभिनंदन केलं, चहा सांगितला. अप्पा पडद्याकडंच बघत होते.

"रविवारी त्याचा फोन येतो सर. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, की झालं. हितं मातर पानभर लिहायचा."

महिनाभर मी शेजारी बसून टाईप करत होतो आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

अप्पांनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

"आता त्याला काय इचारू?"