पंचविसावा नट

"ताई, आत टाकाल ते मोजून टाका," गॅरेजवाल्या मिस्त्रीने बजावलं होतं आणि तिने ते कानाआड केलं होतं.

एरवी असं काही कानाआड करणं तिच्या स्वभावात नव्हतं. लेक भिंगरी रांगायला लागल्यापासून तिने टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता, प्लगच्या भोकांना झाकणं बसवली होती, आणि चार तुकडे केल्याशिवाय घरात कुणालाही द्राक्ष मिळत नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. पण त्या दिवशी ती मिस्त्रीकडे उभ्याउभ्या गेली होती. कडेवरची पंधरा महिन्यांची भिंगरी मिस्त्रीच्या पान्याकडे झेपावत होती, आणि नवऱ्याने विचारायला सांगितलेला प्रश्न एकच होता : तीन वर्षं पडून असलेल्या मोटरसायकलच्या टाकीतला गंज घरच्या घरी निघेल का?

निघेल, म्हणाला मिस्त्री. पेट्रोल काढा, टाकी साबणाने धुवा, व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, मग मूठभर नट टाकून हलवा. नट आतला गंज खरवडून काढतात. "फक्त मोजून टाका. टाकीला खालून खोगिरासारखी खाच असते. एखादा आडोशाला जाऊन बसला की बसला."

"टाकीतून पळून कुठं जाणार आहेत," ती हसून म्हणाली, आणि घरी येऊन नवऱ्याला मोजण्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

शनिवारी सकाळी नवरा गॅलरीत मांडी ठोकून बसला. जुन्या चादरीत गुंडाळलेली टाकी मांडीवर, त्यात नटांचं एक अख्खं पाकीट रिकामं केलेलं, आणि खळ्ळ खळ्ळ असा आवाज की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा थांबून ऐकत बसला.

"भिंगरीला मी एवढा वेळ घेतलं असतं, तर तू माझा सत्कार केला असतास," तो घाम पुसत म्हणाला.

"एवढं हलवलं असतंस तर पोलिसात दिलं असतं."

तासाभराने त्याने टाकी बादलीवर उपडी केली. चहासारखं पाणी पडलं, मागोमाग नट. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं. "बघ, चकचकीत. आरसा लावल्यासारखं."

ती मात्र पाकिटाकडे बघत होती. त्यावर लिहिलं होतं : पंचवीस नग. तिने चाळणीतले नट मोजले. मग दोन-दोनच्या जोड्या लावून मोजले. मग फरशीवर रांगेत मांडून मोजले.

"चोवीस आहेत."

"मग?"

"पाकिटावर पंचवीस लिहिलंय."

"कंपनीने एक कमी भरला असेल."

"कमी भरतात ते वेफर्स. नट कुणी कमी भरत नाही."

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. गॅलरीच्या उंबऱ्याशी भिंगरी बसली होती. बराच वेळ गप्प होती. आणि चावत होती.

तिने भिंगरीला उचललं, बोट घालून तोंड उघडलं. आत भिजलेलं बिस्किट होतं. बिस्किटाच्या मागे काही नव्हतं, जिभेखाली काही नव्हतं, गालात काही नव्हतं.

"काही नाहीये ना? म्हणजे खाल्लेला नाही," नवरा म्हणाला.

"म्हणजे गिळलाय."

नवऱ्याने टाकी कानाशी धरून हलवली. आत काहीतरी किणकिणलं. "आहे, आत आहे."

"नटासारखं वाजतंय की गंजाच्या पोपडीसारखं?"

तो पुन्हा ऐकायला लागला. लग्नात सनईसुद्धा त्याने इतके कान देऊन ऐकली नव्हती. "पोपडीही अशीच वाजते गं," तो शेवटी म्हणाला.

मग त्याला चुंबक सुचलं. फ्रिजवरचं इवल्याशा घराच्या आकाराचं चुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि टाकीच्या तोंडातून आत सोडलं. ते आत गेलं, 'टक्' करून कुठेतरी चिकटलं, आणि ओढल्यावर नुसता दोरा वर आला. त्याने टाकी हलवून पाहिली. आता कसलाच आवाज नव्हता.

"चिकटला बघ नट चुंबकाला," तो म्हणाला.

"किंवा पोपडी चिकटली. किंवा मुळात नट नव्हताच." तिचा आवाज अगदी खाली आला होता. ती चिडली की मोठ्याने बोलायची आणि घाबरली की हळू. नवऱ्याला एवढं कळत होतं. तो उठला आणि चपला शोधायला लागला.

घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन ती भिंगरीसह रिक्षात बसली. मागून नवरा आला, टाकी पोटाशी धरून.

"ही कशाला?"

"तिच्यात नाही निघाला तर हिच्यात असणार ना. कुठे ना कुठे सापडेलच."

दवाखाना भरलेला होता. काउंटरवरच्या बाईंनी वही पुढे ओढली. "पेशंट कोण?"

"ही," ती म्हणाली.

"आणि ते?"

"टाकी," नवरा म्हणाला.

"तिला काय होतंय?"

"गंज होता. आता बरी आहे."

बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "वजन?"

"कुणाचं?"

बाईंनी पुढचं विचारायचं सोडून दिलं. ती मात्र यातल्या कशालाच हसली नाही. भिंगरीचा श्वास मोजत बसली. भिंगरी खोकली तरी तिला धडकी भरत होती, नाही खोकली तर जास्तच. दहा मिनिटांत नंबर लागला आणि डॉक्टरीणबाईंनी दोघींना शेजारच्या खोलीत एक्स-रेसाठी पाठवलं.

बाहेर नवऱ्याशेजारी एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "हलवून बघितलंत का?" त्यांनी विचारलं.

"मुलीला?"

"टाकीला हो."

हलवून झाल्याचं त्याने सांगितलं. आजोबांना ते पटलं नाही. "तोंड खाली करा. आता डावी बाजू वर. अहो, डावी." पायाला प्लॅस्टर असलेला एक गृहस्थ म्हणाला, की आधी बाहेरून थापट्या मारायला हव्यात. एका बाईंनी पर्समधला चिमटा काढून दिला. आपापली दुखणी बाजूला ठेवून सगळी खोली त्या टाकीला लागली.

इकडे डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली, पेनाचं टोक मध्यावर टेकवलं आणि म्हणाल्या, "हे बघा. आहे."

फिल्मवर खरंच काहीतरी पांढरंशुभ्र दिसत होतं. तिने खुर्चीचा हात धरला.

तेवढ्यात दार ढकलून नवरा आत आला. त्याच्या तळहातावर फ्रिजचं चुंबक होतं आणि चुंबकाला चिकटलेला नट. मागे आजोबा, त्यांच्या मागे चिमटेवाल्या बाई. "मिळाला," तो म्हणाला. "पंचविसावा."

"मग हा कोण?" आजोबांनी फिल्मकडे बघत विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नट हातात घेतला, फिल्मशेजारी धरला. "नटाला सहा कोन असतात. हे गोल आहे. कडेला चार भोकं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "टिचबटण आहे हे. धातूचं."

"आमच्या घरात टिचबटणं नाहीत," नवरा ठामपणे म्हणाला. घरात काय आहे नि काय नाही हे आयुष्यात एकदाही त्याला नीट सांगता आलेलं नव्हतं.

तिची नजर हळूच खाली गेली. अंगावर पाजताना सोयीचा पडतो म्हणून रोज वापरायचा गाऊन. पहिलं बटण होतं, दुसरं होतं. तिसऱ्याच्या जागी दोन दोरे लोंबत होते, आणि त्यांची टोकं चघळून चघळून भिजल्यासारखी झाली होती. तिने ओढणी पुढे ओढून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, पण तसं दाखवलं नाही. "जठराच्या पुढे सरकलंय. गुळगुळीत आहे, अडकण्यातलं दिसत नाही. दोन-तीन दिवसांत पडेल. पोट दुखलं, उलटी झाली तर लगेच घेऊन या. आणि तो नट हरवला नसता, तर आला असतात का?"

"नाही," ती म्हणाली.

ते तीन दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. रोजची पाहणी नवऱ्याने आपणहून अंगावर घेतली, हातमोजे आणि आइस्क्रीमची काडी घेऊन, कुठेही वाच्यता न करता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून त्याची दबकी हाक आली, "अगं, आलंय." दोघं खाली वाकून त्या टिचबटणाकडे बघत राहिली. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने ते व्हिनेगरच्या वासावर ढकललं.

नट कमी पडला ते कळलं, कारण पाकिटावर आकडा होता. गाऊनची बटणं कुणी मोजली होती?

तेव्हा तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. हे वाचताना पलीकडच्या खोलीत तुमचं कुणी लहान खेळत असेल आणि मघापासून त्याचा आवाज आला नसेल, तर पुस्तक पालथं ठेवा आणि जाऊन बघून या. हाक मात्र मारू नका. हाक ऐकली की तोंडात असेल ते आधी गिळतात.