हेडसरांचं अस्वल

निवृत्त झाले तरी हेडसरांना घरात सगळे हेडसरच म्हणत, आणि तेही घराला शाळाच समजत. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उघड्या जीपमध्ये बसल्याबरोबर त्यांनी हजेरी घेतली. मुलगा, सूनबाई झाल्यावर ते शेजारी वळले.

"आणि तू?"

"मी कुठं जातेय?" माई म्हणाल्या.

आज अस्वल दिसायलाच हवं होतं. गेल्या वर्षी याच जंगलात साडूबुवांना अस्वल दिसलं, आणि तेव्हापासून लग्न असो की कुणाचं आजारपण, साडूबुवा मोबाईल काढून फोटो दाखवत. फोटोत झुडपामागे भरलेल्या पोत्यासारखं काहीतरी होतं, पण ते अस्वलच, असं ते शपथेवर सांगत. येत्या रविवारी ते जेवायला येणार होते. माईंना अस्वलाचं काडीचं कौतुक नव्हतं, पण त्या पोत्यापुढे नवऱ्याचा चेहरा पुन्हा उतरलेला त्यांना बघवला नसता.

पहिल्याच वळणावर सूनबाई किंचाळली, "अय्या, हरणं!"

हरणांनी शेपट्या दाखवल्या आणि पसार झाली.

"आता कुणी तोंड उघडायचं नाही!" हेडसर कडाडले. त्या आवाजाने राहिलेले पक्षीही उडाले. "काही दिसलं की हात वर करायचा. मी विचारीन, मग बोलायचं. ड्रायव्हर, तुम्हीसुद्धा."

"साहेब, माझे हात स्टिअरिंगवर असतात."

"मग एकच करा."

थोड्याच वेळात मुलाचा हात वर झाला. "बिस्किटं कुठं ठेवलीयत?" मग सूनबाईचा. "बाबा, बाथरूम कुठं असेल हो?" मग पुन्हा मुलाचा, कारण त्याला शिंक येत होती. हेडसरांचा पारा चढला.

"पुरे! आता प्रश्न तास संपल्यावर."

उन्हं कलली तेव्हा जीप तळ्याकाठी थांबली. अस्वलाचा पत्ता नव्हता. वेळ का फुकट घालवा, म्हणून हेडसर तळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि दबक्या आवाजात शिकवू लागले. "अस्वल हा अत्यंत सावध प्राणी. माणसाची नुसती चाहूल लागली तरी..."

त्यांच्या मागे झाडी हलली. एक अगडबंब अस्वल डुलत डुलत बाहेर आलं, काठावर बैठक मारून बसलं आणि पोट खाजवू लागलं.

ओरडावं तर ते बिथरायचं. माईंनी हात वर केला.

"प्रश्न नंतर," हेडसर म्हणाले.

मुलाने हात वर केला, सूनबाईने केला, ड्रायव्हरने तर दोन्ही केले.

"सगळ्यांनाच आत्ता बाथरूम? जरा कळ काढा!"

माईंनी एक हात तसाच वर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मुलाचा मोबाईल उचलून फोटो काढला. अस्वल पाणी प्यायलं आणि आलं तसं निघून गेलं.

"हं, आता विचारा."

"काही नाही बाबा," मुलगा म्हणाला. "तुमच्या मागे अस्वल होतं."

हेडसर गर्रकन वळले. तळ्यावर नुसते तरंग होते.

"मग सांगायला काय झालं होतं?"

"हात वर केला होता ना!" चौघेही एका सुरात म्हणाले.

परतीच्या वाटेवर बिचाऱ्या हेडसरांनी हजेरीसुद्धा घेतली नाही. माईंना फार वाईट वाटलं.

रविवारी साडूबुवांनी जेवता जेवता मोबाईल काढला. माईंनी आपण काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. फोटो तिरका होता, पण हेडसर बोट उगारून ताठ उभे, आणि खांद्यामागे अख्खं अस्वल!

साडूबुवांचा घास हातातच राहिला. "बापरे! एवढं जवळ? आणि तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत? घाबरला नाहीत?"

हेडसरांनी फोटो पाहिला, मिशीवरून हात फिरवला. "घाबरायचं काय त्यात? जनावराला आपली भीती कळता कामा नये. मी आपला शांतपणे..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष समोर गेलं. माईंनी गालातल्या गालात हसत हात वर केला होता.

हेडसरांनी पटकन भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं आणि कुणी जन्मात कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "तू आधी जेवून घे बघू."