थोडी उंच गाडी

आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं आणि आमच्या घराच्या वाहनविषयक धोरणाचा फेरविचार सुरू झाला. एक दिवसाआड व्यायामाला आणा, खंड पडला तर गुडघा कायमचा आखडेल, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आमची जुनी गाडी बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे आईला पार खाली वाकावं लागे, आणि उठताना ती माझ्याबद्दल जे पुटपुटे ते इथे देत नाही. "थोडी उंच गाडी बघ रे," एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यातला 'थोडी' हा शब्द पुढच्या कामकाजातून गळाला.

मी वजनमापे खात्यात आहे. तज्ज्ञांचा अभिप्राय घेतल्याशिवाय आम्ही साधा तराजूसुद्धा हलवत नाही. त्या शिस्तीप्रमाणे मी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे एक अवाढव्य गाडी होती आणि तिच्यातून ते गल्लीच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात जात.

"उंच हवी ना? मग फोर-व्हील ड्राइव्हच घ्या," डॉक्टर म्हणाले. "चारही चाकांना ताकद. मग रस्ता असो-नसो, काय फरक पडतो?"

"पण रस्ता आहे," मी म्हणालो.

"आज आहे," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. "ही रोजच्या वापराची," सेल्समन म्हणाला. "वेळ पडली तर कच्च्या रस्त्यावरही जाते. हिला आम्ही फॅमिलीवाली म्हणतो." हा शब्द त्याने अशा काही सुरात उच्चारला, की आपण उगाचच संसार केला असं मला वाटून गेलं. मग त्याने दुसऱ्या गाडीच्या अंगावर हात ठेवला. "आणि ही खरी ऑफ-रोडर. कमरेएवढ्या पाण्यातून जाते, उभा चढ चढते. साहेब, डोंगरात किती वेळा जाता?"

"अजून योग आला नाही."

"गाडी नव्हती ना तशी!"

माझ्या आयुष्याचं इतकं अचूक निदान आजवर कुणीच केलं नव्हतं.

"अहो, आईंना हिच्यात चढता येईल का?" बायकोने विचारलं.

"मॅडम, तुम्हाला उंच हवी होती ना?" सेल्समनने नम्रपणे विचारलं. बायकोने कपाळाला हात लावला. हरकत आली नाही, असं समजून मी खरी ऑफ-रोडर घेतली.

गाडी दारात आली तेव्हा आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "हिला जिना कुठून आहे?" मग स्टूल आणलं. मी वरून ओढायचं आणि बायकोने खालून आधार द्यायचा, अशी कामाची वाटणी झाली. आई चढली. उतरताना मात्र शेजारच्या दोन घरांतलं मनुष्यबळ मागवावं लागलं. "मी आपली टॅक्सीने जाईन," घरी आल्यावर आई म्हणाली. "तू खुशाल डोंगर चढत ऑफिसला जा." नव्या गाडीला दोन गाड्यांची जागा लागत होती, म्हणून जुनी मी ताईला देऊन टाकली.

इकडे मला डॉक्टरांच्या, गल्लीतल्या अवाढव्य गाडीवाल्यांच्या 'खडतर मार्ग मंडळा'चं सभासदत्व मिळालं. मंडळ दर रविवारी मॉलच्या पार्किंगमध्ये भरे. गाडीवर चिखल हवा, एवढी एकच अट होती. चिखलात गाडी घालण्याची कुणाचीच तयारी नव्हती, कारण गाड्या महाग होत्या. ही अडचण गाड्या धुणाऱ्याने ओळखली. आमच्या गाड्या धुणं सोडून तो आता त्या माखून देऊ लागला होता.

"दारापर्यंत मारू की काचेपर्यंत?" तो विचारायचा. "काचेपर्यंतचे जास्त पडतील साहेब. माती लांबून येते."

मग एक दिवस पाण्याच्या नळासाठी आमची गल्ली खणली गेली. गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत असा काही चर पडला, की डॉक्टरांना भरून आलं. खडतर मार्ग आपण होऊन दारी चालत आला होता! नळ टाकून झाल्यावर इंजिनिअर रोलर घेऊन आले, तेव्हा मंडळाने हरकत घेतली. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

इंजिनिअरांनी सह्या दोनदा मोजल्या. "रस्ता करू नका म्हणणारी माणसं माझ्या नोकरीत तुम्ही पहिलीच," ते कसेबसे म्हणाले आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करून गेले. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाला पाटी लागली: 'साहसी मार्ग. देखभाल निसर्गाधीन.'

साहसी मार्गावरून नेली तर गाडी खालून घासेल, म्हणून आम्ही सगळ्यांनी गाड्या बाहेर मोठ्या रस्त्यावर लावल्या. रोज सकाळी मंडळाचे सभासद चपला हातात घेऊन, चिखल तुडवत आपापल्या गाडीपर्यंत जात. टॅक्सीवाले मात्र पाटी वाचूनच मागे फिरत. आईचा व्यायाम एकदा चुकला, मग पुन्हा चुकला, मग बंदच पडला. भिंत धरून, पाय फरफटत ती स्वयंपाकघरात जाऊ लागली. शेवटी ठरवलं, काय व्हायचं ते होवो, गाडी दारापर्यंत आणायची.

मंडळाची ही पहिलीच खरी मोहीम. सगळे बघायला जमले. मी चराच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. चारही चाकांना ताकद देणारा दांडा कुणीकडे ओढायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय गाडीचं नाक इतकं उंच, की पुढचा चर मला दिसेना.

"घाई नको," डॉक्टर म्हणाले. "आधी पाहणी समिती नेमू."

समितीचं तिसरं नाव सुचवलं जात असताना मागून हॉर्न वाजला. आमची जुनी बुटकी गाडी होती. काचेतून ताईने डोकं बाहेर काढलं. "अरे, बाजूला घे ते धूड! आईची वेळ चुकतेय."

मी बाजूला घेतलं. ताईने दोन चाकं चराच्या या काठावर घेतली, दोन त्या काठावर, आणि डुगडुगत, कण्हत ती गाडी आमच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आई काठी टेकत बाहेर आली. ताईने दार उघडलं. पुढच्या सीटवर एक जाडजूड उशी ठेवली होती. आई तिच्यावर अलगद टेकली, पाय आत घेतले आणि जाताना माझ्यापाशी गाडी थांबवायला लावली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "थोडी उंच."

गाडी गेली. मग डॉक्टर म्हणाले, "ही मोहीम ग्राह्य धरता येणार नाही. त्या गाडीच्या चारही चाकांना ताकद नाही." ठराव एकमताने मंजूर झाला. मी अनुमोदन दिलं.

आई सध्या ताईकडेच असते. गुडघा छान वाकतो म्हणे. भेटायला ये म्हणते, पण ताईच्या गल्लीत माझी गाडी वळत नाही.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, ते दिसतंय मला. पण शोरूममध्ये त्या दोन गाड्या समोर आल्या, तेव्हा यातली कोणती घ्यावी याचा विचार तुम्हीही केलात ना? उशी काही तुम्हाला सुचली नाही. मंडळात जागा आहे. येताना तेवढा चिखल लावून या.